हातावर लावलेलं घड्याळ

५ नोव्हेंबर १९८४, ला कोंब

पोचले एकदाची. टपालाच्या पिवळ्या गाडीत मी एकटीच होते, बाकी पत्रं, पाव आणि कुणाच्या तरी शेळीसाठी औषध. पोस्टमनचं नाव ओरेल. गोल चेहरा, तोंड बंद म्हणून नाही. माझी पेटी उतरवताना म्हणाला, बाई, ह्यात काय नवरा भरून आणलात की काय. मी म्हटलं, नाही, त्याला दोन वर्षांपूर्वीच ल लोक्लच्या दफनभूमीत पोचवलाय, ह्यात नुसती हत्यारं आहेत. बिचाऱ्याचे कान लाल झाले. मग मीच हसले, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. मार्सेलबद्दल मी हल्ली असं सहज बोलते. काही होत नाही. तो गेला त्या दिवशीही काही झालं नव्हतं, लोकांना कॉफी दिली आणि कप विसळले.

मादाम रोबेला दारातच उभ्या होत्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या, ताठ, एप्रनला इस्त्री. मला बार्लीचं सूप आणि सॉसेज वाढलं आणि मी शेवटचा घास गिळेपर्यंत कामाचं अक्षर काढलं नाही. हे मला आवडलं.

दक्षिणेच्या खिडक्यांपाशी त्यांच्या दिवंगत नवऱ्याचं, आर्मां रोबेलांचं, कामाचं टेबल आहे. असा उजेड मला तीस वर्षांत कारखान्यात मिळाला नाही. कारखाना आता बंदच आहे. बॅटरीची घड्याळं आली आणि आम्हा घड्याळं लावणाऱ्या, म्हणजे त्यांची चाल अचूक करणाऱ्या बायकांना त्यांनी एकेक फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवलं. म्हणून मादामच्या पत्रातली अट वाचून मी उलट टपाली हो म्हटलं. अट साधी आहे. त्यांच्या नवऱ्याचं जुनं मनगटी घड्याळ बरोबर वेळ दाखवू लागलं, की हे टेबल, ही हत्यारं आणि माडीवरची खोली जन्मभर माझी.

फेब्रुवारीत मिरेयचं बाळंतपण आहे. त्याआधी खाली लोझानला जायचंच, लेकीला शब्द दिलाय. ह्या वयात आजी होणं आणि स्वतःचं टेबल मिळणं, दोन्ही एकाच हिवाळ्यात. मार्सेल म्हणाला असता, ओदिल, तुझं नशीब घड्याळासारखं उशिरा का होईना वाजलं.

७ नोव्हेंबर

घड्याळ उघडलं. पोलादी डबी, क्रीम रंगाची तबकडी, रोज हाताने चावी द्यायची. आतलं काम बघून मी खुर्चीत मागे टेकले. केसाएवढी हेअरस्प्रिंग कुणीतरी अशा मायेने वळवली आहे की तिला चिमटा लावायला लाज वाटावी. आर्मां स्वतःच घड्याळं लावणारे होते, स्पर्धांत बक्षिसं मिळवलेले. हे त्यांनी स्वतःसाठी केलेलं.

आमच्याकडे घड्याळ नुसतं टेबलावर बरोबर करून देत नाहीत. ते ज्याच्या हातावर जायचं त्याला लावतात. गिऱ्हाइकाला विचारायचं, झोपता कुशीवर की पाठीवर, रात्री घड्याळ उशाशी आडवं ठेवता की उभं, कणीक मळता की नुसत्या सह्या करता. मग पाववाल्याचं घड्याळ पाववाल्यासारखं लावायचं आणि वकिलाचं वकिलासारखं. दुसऱ्याच्या हातावर ते चुकणारच. शेवटचे काही दिवस आम्ही घड्याळ स्वतःच्या हातावर घालून बघत असू. मला शिकवणाऱ्या मादाम कालाम बोटांवर चिमटा मारून सांगायच्या, पोरींनो, घड्याळ माणसाला लावायचं, माणूस घड्याळाला नाही.

म्हणून मी मादामना विचारलं की आर्मां घड्याळ कसं वापरायचे. त्या म्हणाल्या, आर्मां फारसा हलायचा नाही.

१५ नोव्हेंबर

सगळं सुटं केलं, धुतलं, तेल दिलं, नवी कमान घातली. टेबलावर ठेवलं तर वेळ अशी दाखवतं की शाळेतल्या पहिल्या नंबराच्या मुलीने बघत राहावं. आडवं, उभं, पालथं, कसंही ठेवा. रोज साडेबाराला रेडिओवर वेधशाळेचे ठोके पडतात, त्यांच्याशी ताडलं, तंतोतंत.

हातावर घातलं आणि संध्याकाळपर्यंत दीड मिनिट पुढे.

ओरेल पाव घेऊन आला होता. म्हणाला, ह्याला तुमची घाई लागली. मी म्हटलं, तुझ्या हातावर घातलं तर ते उद्याचीच वेळ दाखवेल. मादामसुद्धा हसल्या. पण मी जेव्हा म्हटलं की टेबलावर तर ते बरोबर चालतंय, तेव्हा त्यांचं हसू गेलं. टेबलावर काय, कुठलंही घड्याळ शहाणंच असतं, म्हणाल्या. मला ते हातावर चालायला हवंय. जित्या हातावर, असंही म्हणाल्या.

२४ नोव्हेंबर

कुत्र्याचं शेपूट. आज नियामकाचा, म्हणजे चाल कमीजास्त करणारा काटा मागे सरकवला, तर उद्या तितकंच पुढे. चुंबकाचा दोष काढला. बॅलन्स चक्राचा तोल पुन्हा साधला. नाचता येईना अंगण वाकडं असं कुणी म्हणू नये म्हणून माझं स्वतःचं घड्याळ उजव्या हातावर घातलं. तेही ह्याच हातांनी लावलेलं, ते बरोबर चालतं. म्हणजे अंगण वाकडं नाही आणि नाचणारीही बरी आहे.

माझ्याआधी चौघांनी प्रयत्न केला म्हणे. मादाम त्यांची नावं घेत नाहीत. सगळे हुशार होते पण त्यांना स्वस्थ बसवत नसे, एवढंच म्हणतात.

आजवर माझ्याकडून एकही घड्याळ परत आलेलं नाही. ह्याला मी सोडणार नाही.

२ डिसेंबर

मिरेयचा फोन. बाळ लाथा मारतंय, म्हणते, फुटबॉल खेळणार बहुतेक. मुलगी असेल तर काय करशील, असं मी विचारलं. तीही खेळेल, तुझ्यासारखी हट्टी असली की झालं, म्हणाली. मी हसले. हसता हसता सवयीने मनगटाकडे पाहिलं आणि सेकंद काटा धावताना दिसला. सरळ धावताना. हसू थांबलं, तसा तो चालीवर आला.

मग आठवलं. सकाळी चर्चमध्ये प्रवचन चालू असताना मी तासभर पुतळ्यासारखी बसले होते, खरं म्हणजे डोळा लागला होता. त्या तासात घड्याळ एका सेकंदानेही चुकलं नव्हतं.

म्हणजे त्याचा माणूस सापडला. ते शांत माणसाला लावलेलं आहे.

९ डिसेंबर

आता मी हात उशीवर ठेवून बसते. तळवा खाली, तबकडी वर. एका हाताने सूप पिता येतं. चुकीचं प्रमाण निम्म्यावर आलं. हात शेकोटीकडे गेला की बिघडतं, म्हणून खुर्ची खिडकीजवळ घेतली. थंडी त्याला मानवते.

मादाम खुश आहेत. त्यांनीच सुचवलं की उत्तरेकडच्या खोलीत झोपून बघा. तिथे शेकोटी नाही, पूर्वी मांस टांगायचे. आर्मांचं घड्याळ तिथे नेहमी बरोबर चालायचं म्हणे.

मार्सेल असता तर म्हणाला असता, ओदिल, अति तिथं माती. पण मार्सेल नाही.

१६ डिसेंबर

झालं!

उत्तरेच्या खोलीत पाठीवर झोपले, खिडकी उघडी, हात पोटावर. सकाळी उठले नाही, तशीच पडून राहिले. मादामनी रेडिओ दाराशी आणून ठेवला. साडेबाराचे ठोके पडले आणि सेकंद काटा शेवटच्या ठोक्यावर असा बसला, जसा पक्षी फांदीवर बसतो.

मला आनंद झाला. हे लिहून ठेवते, कारण मार्सेल गेल्यापासून आनंद म्हणावा असं काही झालेलं नाही. बाळाची बातमी आली तेव्हाही नाही. आईला हे लिहिताना लाज वाटायला हवी. तीही वाटत नाही.

मादाम गुडघ्यांवर बसल्या आणि माझं मनगट गालाशी धरून रडल्या. पुष्कळ वेळ.

आता फक्त हे टिकवायचं. नाताळानंतर खाली जाईन, बाळासाठी विणलेलं घेऊन. डाव्या करंगळीला जरा मुंग्या येतात, झोपून झोपून.

२४ डिसेंबर

मुंग्या गेल्या. आता काहीच येत नाही. सकाळी टेबलाशी बसले तर चिमटा बोटात रुतलेला, रक्त आलेलं, ते टेबलावरचा डाग बघून कळलं. बोट दुखत नाही. छान वाटतं, खरं तर.

ओरेल नाताळाची भेट म्हणून जेन्शियनच्या दारूची बाटली घेऊन आला. त्याने माझा हात पाहिला. निळा पडलाय हो, म्हणाला. त्याने तो दोन्ही हातांत धरून चोळला. मादाम तळघरात गेल्या होत्या, तेव्हा खालच्या आवाजात विचारलं की झोपता कुठे. मी सांगितलं.

मग त्याने जे सांगितलं ते असं. छप्पनच्या हिवाळ्यात आर्मां रोबेला छातीत कळ येऊन गेले. रस्ता बर्फाने बंद, जमीन दगडासारखी. इथे पूर्वी असं व्हायचं, मेलेल्यालाही वसंताची वाट बघावी लागायची. त्यांना उत्तरेच्या खोलीत ठेवलं, खिडकी उघडी टाकून. पाठीवर, हात पोटावर. घड्याळ हातावरच होतं. शेवटी म्हणे ते एवढंच बोलले होते, ते थांबू देऊ नकोस. म्हणून मादाम रोज सकाळी जाऊन त्या हातावरच्या घड्याळाला चावी देत. एप्रिलात ओरेलचा बाप पाद्र्यांना घेऊन वर आला, तेव्हा घड्याळ चालू होतं. बापाने आपल्या घड्याळाशी ताडून पाहिलं, सेकंदाचा फरक नाही. ते हातावरून काढलं, त्या दिवसापासून ते बिघडलं.

ओरेल म्हणाला, आत्ता चला, गाडी चालू आहे, पेटी मागाहून आणून देईन.

मी घाबरायला हवं होतं. मी वाट पाहिली, पण भीती आली नाही. मी मनाशी म्हटलं, मग बरोबर. आडवं, तबकडी वर, थंडीत, न हलता. कुणी का सांगितलं नाही हे पहिल्या दिवशी? किती वेळ वाचला असता.

त्याला म्हटलं, नव्या वर्षात ये.

३० डिसेंबर

काल घड्याळ काढलं. पट्टा सोडायला वेळ लागला, बोटं दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. काढून उशीवर ठेवलं.

आधी हात जागा झाला, सुया टोचल्यासारखा. मग ते वर आलं, खांद्यातून छातीत. मार्सेल. मार्सेल स्वयंपाकघरात पडलेला, एक चप्पल पायात, एक टेबलाखाली. त्याच्या ओठावर कॉफी होती. ती मी अंगठ्याने पुसली होती. हे मला दोन वर्षांत आठवलं नव्हतं. मी ओरडले. इतकं दुखलं की श्वास घेता येईना, अंग आतून सोलल्यासारखं. मी त्याच्या नावाने रडले, मोठमोठ्याने, एखाद्या जनावरासारखी.

मादाम आल्या. घड्याळ उचलून माझ्या हातावर बांधलं, पट्टा नीट ओढला.

थांबलं सगळं. एकदम.

मी त्यांना धन्यवाद म्हणाले.

६ जानेवारी

ओरेल आला नाही. बर्फ खिडकीच्या कठड्यापर्यंत. रस्ता बंद.

आता मी उठत नाही. उठलं की चुकतं. मादाम सकाळी येऊन चावी देतात, म्हणजे त्यासाठी मला उजवा हात पोटावर न्यायला नको. उजवा हात शाबूत आहे, वही बाजूला ठेवून लिहिते, मान न वळवता. अक्षर कसं येतंय ते दिसत नाही.

सूप थंड करून देतात. गरम नको.

आज त्या मला तू म्हणाल्या. पांघरूण घेऊ नकोस, तुला उकडतं ना. चावी देताना त्या बोटांनी मोजतात, ओठ हलवत. हात सवयीचा आहे. बरं वाटतं, आपल्यासाठी कुणी तरी रोज येतं.

१३ जानेवारी

खाली फोन वाजला. मिरेयच असणार, आज रविवार. मादामचा आवाज ऐकू आला. आई विश्रांती घेतेय म्हणाल्या, काम फार नाजूक टप्प्यावर आहे, तिने सांगितलंय काळजी करू नकोस.

मी तसं सांगितलं नव्हतं. पण काळजी करू नये हे खरं आहे.

श्वासाने सुद्धा फरक पडतो. छाती वर जाते तेव्हा पोटावरचा हात हलतो. सावकाश घेतला की बरं. दोन श्वासांमध्ये पुष्कळ जागा असते, आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

२० जानेवारी

बरोबर.

२२

बरोबर. पाय आहेत की नाही बघावंसं वाटलं. बघायला उठावं लागेल.

२३ किंवा २४

मादाम कालाम आठवल्या. चिमटा बोटांवर. घड्याळ माणसाला लावायचं, माणूस घड्याळाला नाही.

उलटं झालं. मी घड्याळाला हात लावलाच नाही किती दिवस. ते तसंच आहे, आर्मांनी लावलेलं. मीच सरकत गेले, रोज थोडी, नियामकाच्या काट्यासारखी. नव्या पोरीसुद्धा करणार नाहीत अशी चूक. आणि मी तीस वर्षांची—

हे कळलं. कळून काही वाटलं नाही. हे सगळ्यात वाईट आहे, एवढं मात्र कळतं.

पट्टा सोडायचा. उजव्या हाताने. उद्या, ठोके झाल्यावर.

सकाळ

नाही सोडला. ती स्वयंपाकघरातली चप्पल. ते परत नको.

पण मग बाळ— बाळाला धरायला हात लागेल. गरम हात. मिरेय लहान असताना माझे हात गार असले की रडायची.

विणलेलं कुठे ठेवलं

मादाम चावी देऊन गेल्या. कपाळावर ओठ टेकले. मला आर्मां म्हणाल्या.

फेब्रुवारी असेल

बर्फ वितळतंय, छपराचं पाणी ऐकू येतं. मादामनी खिडकीला पोती लावली, ऊन येऊ नये म्हणून.

आरसा मागितला. आवाज निघाला नाही.

दुपार

गाडी. ओरेलची गाडी, तोच भोंगा. रस्ता खुला झाला.

तो खिडकीखाली ओरडतोय. मादाम ओदिल, आजी झालात, मुलगी झाली, आधीच झाली. ओदिल नाव ठेवलंय. ओदिल. तुमचा जावई गाडीत बसलाय, न्यायला आलाय, घेऊन यायला सांगितलंय मिरेयने, काय वाट्टेल ते होवो म्हणाली.

आत काही तरी हललं. खरंच हललं. सेकंद काटा धावला, मी पाहिलं. दुखलं. दुखतंय. मी अजून

मादाम शेजारी बसल्यात. हात माझ्या छातीवर. हलू नकोस आर्मां, म्हणतायत, ते जातील. खाली सांगून आल्यात की मी गेल्या आठवड्यातच निघून गेले. पहिल्या गाडीने.

ओरेल म्हणतोय पहिली गाडी माझीच आहे.

जिन्यावर बूट. मग थांबले. कोणत्या खोलीत ते विचारतायत. मी फक्त हाक मारायची आहे. एकच आवाज. छाती भरून श्वास घ्यायचा, एवढंच, हात हलला तर हलू दे

मादामनी उशाशी रेडिओ लावला. साडेबारा.

ठोका. बरोबर.

ठोका. दार उघडतायत, ते शेजारचं. बरोबर. आधी हे ठोके होऊ देत, मग लगेच

ठोका. बरोबर. मी आता हाक मा